बिघाड लिनक्सचा नव्हता

आमच्या शाळेतले दहा संगणक बंद पडायचे ते लिनक्समुळे नाही, हे मी तेव्हा सांगितलं होतं आणि आजही सांगते. इतकी वर्षं झाली, तरी जीपमध्ये नाहीतर बाजारात कुणी ना कुणी भेटतंच. "मॅडम, तुमच्या त्या फुकटच्या लिनक्सनं लय ताप देल्ला होता, नाई?" माझ्या डोक्यात तिडीक जाते. भर बाजारात मेथीची जुडी हातात धरून मी किती जणांना समजावत बसू? म्हणून एकदाचं लिहून काढते.

शाळा मुलींची होती, साखरखेर्ड्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच आहेत. मी तिथं तासिका तत्त्वावर संगणक शिकवायची. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनमध्ये नवा आदेश येणार, आणि नाही आला तर घरी बसायचं. माझं माहेर सुलतानपूरचं, घरी वांगी-मिरचीचा मळा. मी बी.एस्सी. झाले आणि संगणक शिकले ते एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर, माझ्या माझ्या हातानं. लिहिताना मी 'मला' लिहिते, बोलताना 'मले' म्हणते. दोन्ही माझंच आहे.

ते दहा संगणक आमच्याकडे आले ते शहरातल्या कुठल्याशा कचेरीनं वापरून टाकलेले. त्यांची ताकदच एवढी कमी होती की नवं विंडोज त्यांच्यावर रांगलं असतं. आणि चोरीची सीडी मी लावणार नव्हते. मुलींचा पहिला धडा चोरीचा कायले? मी लिनक्स टाकलं, विंडोजचंच काम करणारी पण फुकट आणि हलकी प्रणाली. पहिले दोन महिने त्या डब्यांशी नुसती झोंबाझोंबी चालली होती. एक डबा सुरू केला की तीनदा शिट्टी मारायचा आणि गप. मी तो उघडला, मेमरीची पट्टी काढली, तिच्या पिवळ्या कडा पेन्सिलीच्या खोडरबरानं घासल्या, परत बसवली. चालू झाला. दुसऱ्याच्या पडद्यावर अक्षरं धावायची आणि मग ठार काळोख. त्याच्यासाठी पुण्याच्या एका शिकवणाऱ्या सरांना फोन केला. माझं "मले दिसूनच नाई राह्यलं" ऐकून ते हसायला लागले. मी म्हटलं, "सर, हसून झालं असंल तर कोणती ओळ बदलू ते सांगा." त्यांनी सांगितली. जुन्या मॉनिटरला झेपेल एवढा वेग मी लिनक्सच्या एका फाईलमध्ये लिहिला आणि पडदा उजळला.

चार डब्यांचे आतले सेल मेले होते, ते बटणाएवढे गोल सेल. त्यामुळे ते डबे रोज सकाळी स्वतःला कितीतरी वर्षं मागचे समजायचे. मग लिनक्स अडून बसायचं. म्हणायचं, ही डिस्क शेवटची वापरल्याची तारीख तर अजून यायचीच आहे, हे काय गौडबंगाल? तुम्ही येऊन सांगितल्याशिवाय मी पुढं जात नाही. मला ते फार आवडलं. खोटी तारीख दिसली की जागीच थांबणारं आमच्या सगळ्या संस्थेत दुसरं कुणी नव्हतं. साखरखेर्ड्याच्या घड्याळवाल्याकडून सेल आणून मी बसवले.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर उद्घाटन झालं, त्याला संस्थेचे अध्यक्ष आले. पांढरे कपडे, काळे चकचकीत जोडे. त्यांनी नारळ फोडला आणि भाषणात जाहीर केलं, "हे सरस्वतीचं मंदिर आहे. इथं कोणी जोडे-चपला घालून येणार नाही." टाळ्या पडल्या. तेव्हापासून संगणकाच्या खोलीबाहेर चपलांची रांग लागायला लागली. धूळ नको म्हणून शाळेच्या मावशी रोज दोनदा शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं पुसायच्या. एवढी स्वच्छ खोली आख्ख्या तालुक्यात नसेल.

आणि त्याच स्वच्छ खोलीत, उन्हाळा संपून शाळा भरली तशी, नवीच भानगड सुरू झाली. मुली टाइप करत असताना कीबोर्ड अचानक मरायचा. माउस जागच्या जागी थिजायचा. कधी अख्खा डबा स्वतःहून बंद होऊन परत सुरू व्हायचा. मग मुली म्हणायला लागल्या, "मॅडम, मले झटका बसला." एकजण म्हणाली, "सहा नंबरात भूत हाय." मी तिच्यावर डाफरले. दोन दिवसांनी सहा नंबरच्या पत्र्याला माझा हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, तेव्हा मी कोणावरच डाफरले नाही.

मी काय काय केलं नाही? कीबोर्ड बदलले. तारा बदलल्या. पंखे साफ केले. दहाच्या दहा डब्यांवर लिनक्स नव्यानं टाकलं, एकदा नाही, दोनदा. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी माझाही विश्वास डळमळला होता. शाळा सुटल्यावर मी एकेक डबा सुरू करून तास-तासभर तपासायची, तेव्हा सगळं झकास चालायचं. दुसऱ्या दिवशी नववीचा वर्ग आत आला की पुन्हा रडगाणं. मला वाटायला लागलं हे डबे मला चिडवून राह्यलेत.

दोन मुलींच्या बापांनी त्यांना संगणकाच्या तासाला बसवू नका म्हणून चिठ्ठ्या पाठवल्या. आमच्या मुख्याध्यापिका भल्या बाई, पण भित्र्या. अध्यक्षांचं नाव निघालं तरी पदर सावरायच्या. त्यांनी त्या चिठ्ठ्या वर पाठवल्या. वरून इंजिनिअर आला, संस्थेच्या तालुक्याच्या शाळेतला, बूट घालून. मावशींनी दारात अडवलं तर म्हणाला, "मावशी, मले घाई हाय." त्यानं एक नंबरचा डबा सुरू केला, हात लावून पाहिला, अर्धा तास खेळला. काही झालं नाही. "डबा चांगला आहे. तुमचं लिनक्सच खराब आहे, मॅडम. फुकटच्या मालाले काय ग्यारंटी? विंडोज टाका."

"लिनक्स खराब असतं तर आत्ता कसं चाललं?" मी विचारलं.

"ते चालते अन् बंद पडते. तेच त सांगून राह्यलो."

आठवड्यात पत्र आलं. लिनक्स या प्रणालीत दोष असल्याने व सदर शिक्षिकेस दुरुस्ती जमत नसल्याने दहाही संगणक तालुक्याच्या शाळेत हलवण्यात येतील. पुढच्या सोमवारी टेम्पो येईल. तालुक्याची ती शाळा मुलांची. आमच्या मुली तिथं कशा जाणार होत्या? एसटी दिवसातून दोनदा, आणि ज्या बापांनी झिणझिण्यांपायी तास बंद केला ते काय पोरींना तालुक्याला पाठवणार होते? डबे एकदा टेम्पोत चढले की या गावच्या मुलींचा संगणक संपला, कायमचा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जाऊ द्या नं बाई. वरचा आदेश हाय. कायले वाढवता?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जमत नसल्याने म्हणे.

लिनक्स जे जे घडतं ते लिहून ठेवतं. मी सगळ्या डब्यांच्या त्या नोंदी काढून वाचायला बसले. एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: कीबोर्ड निसटला, कीबोर्ड जोडला, निसटला, जोडला. कोणी उपसल्यासारखा. वेळा पाहिल्या तर सगळ्या वर्ग भरलेला असतानाच्या. मी एकटी असताना एकही नाही. पण एका गोष्टीनं मी चक्रावले. गुरुवारच्या नववीच्या तासाला नऊ डब्यांच्या नोंदींत ही ओळ होती, आणि सहा नंबरच्या, त्या भुताच्या डब्यात, एकदाही नव्हती.

गुरुवारी सहा नंबरवर कोण बसलं होतं? हजेरी काढली. जिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता ती मुलगी. टाचेला फडकं बांधलेलं होतं म्हणून मावशींनी दया करून तिला चप्पल घालून आत सोडलं होतं. तो आख्खा तास ती रबरी चप्पल घालून बसली होती.

मी खुर्चीतच बसून राहिले. दहा मिनिटं मला स्वतःचाच राग येत होता. मुली अनवाणी. फरशी ओली. डबे बाकाखाली विटांवर, आणि बसलं की गुडघा पत्र्याला टेकणारच. प्रत्येक डब्यातून थोडा करंट पत्र्यावर येतोच. तो जमिनीत जावा म्हणून तिसरी तार असते, अर्थिंगची. ती तार जमिनीत पोचलेलीच नसेल तर दहा डब्यांचा थोडा थोडा करंट एक होतो आणि मिळेल त्या वाटेनं खाली जातो. ती वाट म्हणजे आमच्या मुलींचे पाय. इंजिनिअरला झटका कसा बसेल? एकच डबा सुरू, आणि पायात बूट. मी तरी काय दिवे लावले होते? एकेक डबा सुरू करून, वाळलेल्या फरशीवर बसून तपासत होते.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या मुलींना चपला घालून आत बसवलं. मावशींनी कपाळाला हात लावला. मुख्याध्यापिका दारात येऊन म्हणाल्या, "अध्यक्षांनी पाह्यलं तर?" मी म्हटलं, "पाहू द्या." तासभर एकही कीबोर्ड मेला नाही.

पण चपला हा काही इलाज नव्हे. अर्थिंगची तार गेली कुठं ते शोधायला हवं होतं. मीटरच्या खालून हिरवी तार निघत होती आणि मागच्या भिंतीत शिरत होती. भिंतीच्या पलीकडे ती जमिनीत गाडायचा खड्डा हवा, नाही म्हटलं तरी त्याचं तोंड तरी दिसायला हवं. तिथं नुसती तुळस आणि दगड. मावशी पाणी घालायला आल्या होत्या. त्यांना विचारलं.

"खड्डा?" मावशी म्हणाल्या. "भिंत बांधली तवा मी हितंच होती. विटा म्याच वाहिल्या. खड्डा कोणी खंदला नाई, मॅडम."

त्यांनीच घरून छिन्नी-हातोडी आणली. प्लास्टर फोडलं तर आत तार गुंडाळी करून दाबलेली, जशी नवी बाजारातून येते तशी. कुठंच पोचलेली नव्हती. शाळेचं वायरिंग अध्यक्षांच्या साडूनं केलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मी ती गुंडाळी तशीच बाहेर लोंबती ठेवली.

सोमवारी सकाळी अकराला टेम्पो आला. पाठोपाठ अध्यक्षांची गाडी, सोबत तो इंजिनिअर. मी नववीला त्यांच्या वर्गात फळ्यावर शिकवत होते. येईपर्यंत दोन हमालांनी चार डबे टेम्पोत चढवलेसुद्धा होते. मी दारात आडवी उभी राहिले आणि पाचव्या डब्याला हात लावू दिला नाही. अध्यक्ष खोलीत आले, काळे जोडे तसेच पायात.

"मॅडम, तमाशा नको," ते म्हणाले. "सिस्टिम खराब हाय, हे इंजिनिअरनं लेखी देल्लं."

"साहेब," मी म्हटलं, "इथं जोडे काढून येतात. नियम तुमचाच आहे."

माझ्यामागोमाग आलेल्या नववीच्या सगळ्या मुली खोलीत होत्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं. त्यांच्या भाषणाला ह्याच मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते दाराशी गेले, जोडे काढले, मोजे काढले आणि आत आले. मावशींनी नुकतीच फरशी पुसली होती.

मी उरलेले सहाही डबे सुरू केले. माझ्या चपला काढल्या, सहा नंबरच्या पत्र्याला आधी स्वतः हात लावला आणि झिणझिण्या सोसत उभी राहिले. "लावा साहेब. माणूस मरत नाही यानं. पोरी रोज सोसतात."

त्यांनी दोन बोटं टेकवली आणि हात असा मागं घेतला की चष्मा नाकावरून घसरला. मी इंजिनिअरकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

"हे लिनक्स नाही साहेब," मी म्हटलं. "लिनक्सले हात नाहीत झटका द्यायले. शाळेले अर्थिंगच नाही. मागं या, तार दाखवते."

मागं जायला ते तयार नव्हते. ती तार कोणाची हे त्यांना न पाहताच कळलं होतं. पण माणूस हुशार. लगेच म्हणाले, "मंग त नेलेच पाह्यजेत. पोरींच्या जिवाले धोका हाय. तिकडं सुरक्षित राहतीन."

"तिकडचं वायरिंग कोणी केलं?"

अध्यक्षांच्या आधी इंजिनिअरच्या तोंडून निघून गेलं, "त्याच माणसानं. पण तिकडं पोरं बूट घालतात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे डबा तोच, खोट तीच, करंट तोच. त्यांच्या पायात बूट म्हणून त्यांना संगणक, आणि आमच्या पोरी ह्यांच्याच हुकमानं अनवाणी, म्हणून त्यांचा काढून घ्यायचा. हे मी तोंडावर बोलले, ह्याच शब्दांत. मग म्हटलं, "दोन तास द्या. टेम्पो उभा राहू द्या. दोन तासांत झटका बंद नाही झाला तर मी स्वतः डबे चढवून देते."

अध्यक्ष हसले. त्यांना वाटलं, दोन तासांत ही बाई मिस्तरी तरी कुठून आणते. ते मुख्याध्यापिकांच्या खोलीत चहाला बसले.

मिस्तरी कायले पाहिजे होता? माझ्या वर्गातली प्रत्येक पोरगी सुट्टीत निंदायला-खणायला जाणारी. मावशींच्या घरून कुदळ-फावडं आलं, दोन कुदळी पलीकडच्या घरांतून. पोरींनी ओढण्या कमरेला खोचल्या आणि मागच्या भिंतीलगत काळी माती उपसायला लागल्या. पाळी लावून, न बोलता. एक जण लोहाराकडून कोळशाचं पोतं घेऊन आली, एक जण दुकानातून खडे मीठ. हापशाचा जुना लोखंडी पाइप शाळेमागं गंजत पडला होता, तो दगडानं घासून चकचकीत केला. नियमानं खड्डा आठ फूट लागतो हे मला माहीत होतं. आमचा पोरींच्या कमरेइतका झाला तेव्हा दीड तास उलटला होता. पाइप उभा केला, भोवती कोळसा-मीठ, कोळसा-मीठ असे थर दिले, माती लोटली आणि वरून हंडे ओतले. पाणी त्या दिवसांत दोन दिवसांआड यायचं, तरी शेजारच्या बायांनी भरलेले हंडे आणून दिले. मी मेन स्विच बंद केला, भिंतीतली ती गुंडाळी सोडवली आणि तार पाइपला नटबोल्टनं आवळून बांधली.

सहाही डबे सुरू केले. फरशी अजून ओली होती, आता तर चिखलाच्या पावलांनी भरली होती. अध्यक्ष दारात आले, यावेळी जोडे घालूनच. मी म्हटलं, "लावा हात."

"इंजिनिअर पाहील," ते म्हणाले.

इंजिनिअर हलला नाही. बूट काढायचे की नाही हे त्याला ठरवता येईना. मी पुढं होणार तेवढ्यात मुख्याध्यापिका पुढं आल्या. त्या नियमाप्रमाणे अनवाणीच होत्या. त्यांना त्या पत्र्याची भीती वाटत होती की अध्यक्षांची, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी अख्खा तळवा सहा नंबरच्या पत्र्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मग दुसराही ठेवला.

"काहीच लागून नाही राह्यलं साहेब," त्या म्हणाल्या. "संगणक इथंच राहू द्या."

मी त्या शाळेत आल्यापासून त्यांना अध्यक्षांसमोर एवढं मोठं वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. अध्यक्षांनीही नसावं. त्यांनी घड्याळ पाहिलं, खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं. मुलींच्या हातांना माती होती, त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि कोणीही नजर खाली घेत नव्हती.

"ठीक," अध्यक्ष म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, अगदी शांतपणे, "मॅडम, पुढच्या वर्षी संस्थेला तुमची गरज पडणार नाही."

घरी माझ्या तासांवर बरंच काही चालत होतं. पण आवाज माझा हलला नाही.

"चालेल साहेब," मी म्हटलं. "आधी टेम्पोतले ते चार डबे उतरवा."

हमालांनी अध्यक्षांकडे पाहिलं. ते गाडीकडे चालू लागले. हमालांनी चारही डबे उतरवले. मी प्रत्येकाचा नंबर पाहून घेतला, पोरींनी ते आत नेऊन विटांवर ठेवले, आणि जूनमध्ये माझा आदेश आला नाही.